तिसऱ्याच्या जागी चौथा

तीर्थरूप मामांच्या चरणी,

भाच्याचा नमस्कार, कंबर परवानगी देईल तितका वाकून. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत, तिकडे तुम्ही दोघंही ठीक असाल असं धरून चालतो. धरून चालायची ही सवय तुम्हीच लावलीत. तुमचा गुडघा, मामीचा खोकला, जिन्याखालची ती गळकी तोटी, सगळ्यांची विचारपूस या एकाच वाक्यात केली आहे असं समजावं. डोळ्यांची विचारपूस मी करत नाहीये. मागच्या खेपेला केली तेव्हा तुम्ही अर्धं ताट टाकून उठलात आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलात, आणि तुम्हाला परत आत आणण्यात मामीची दुपार गेली. हे पत्र गिअरबॉक्सबद्दल आहे. तुमचा चष्मा नेहमीप्रमाणे माडीवर राहिलेला असणार, तेव्हा पत्र मामीच वाचून दाखवणार हे मी गृहीत धरलं आहे. तिला सावकाश वाचू द्यावं, मध्ये मध्ये ‘पुढे, पुढे’ करू नये.

(मामी, कंसातलं मोठ्याने वाचू नकोस. कंस आला की खोकायचं आणि मनातल्या मनात वाचायचं. तुझं पत्र पोचलं. ओळी जरा उतरणीला लागल्या होत्या, ओट्यावर कागद ठेवून घाईत लिहिलंस वाटतं. वर्षभरात त्यांनी पेपर स्वतः वाचलेला नाही, तू वाचतेस आणि ते ‘माहीत होतं मला’ म्हणतात, हे कळलं. डॉक्टरांची तारीख दोनदा मोडली हेही कळलं. आणि परवा डेपोसमोर ते रस्ता ओलांडताना बसला करकचून ब्रेक मारावा लागला, तीही अशी बस जिचा गिअरबॉक्स कधीकाळी यांनीच बसवलेला, हे वाचून माझं जेवणावरचं लक्ष उडालं. त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पार पिकलाय, आणखी उशीर केला तर तो डोळा हातचा जाईल, असं डॉक्टरांनी मला तोंडावर सांगितलंय. मला भीती वाटते, ग. बरं, आता खोकला आवर, नाहीतर त्यांना संशय येईल.)

तर गिअरबॉक्स. आमची व्हॅन तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच बोनेटवर थाप मारून, सायलेंसरला कान लावून पसंत केलेली. अकरा वर्षं झाली. मागच्या बाजूला माझी फिरती खुर्ची, दिव्याची अक्षरपेटी, भिंगांचा डबा आणि आरसा, असं सगळं दुकान घेऊन मी डोंगरावरच्या वस्त्यांमधून चष्मे विकत हिंडतो. एवढ्या वर्षांत तिने तक्रार अशी केली नाही. पण गेले तीन महिने तिसरा गिअर जागेवर राहीनासा झाला. टाकला की शंभर पावलं नीट जायची आणि मग दांडा आपोआप उडी मारून मधे यायचा. मी चष्म्याच्या चार दोऱ्या एकत्र वळल्या, त्याचं एक टोक गिअरच्या दांड्याला बांधलं आणि दुसरं माझ्या सीटला. तिसरा गिअर टाकून झाला की फास आवळायचा, काढायचा असला की सोडायचा. (आमच्या हीचं म्हणणं होतं की यापेक्षा बैल बरे, त्यांना निदान एकदाच बांधावं लागतं.) शेवटी एका वळणावर फास सुटेना आणि मी तिसऱ्या गिअरमध्येच एका न्हाव्याच्या दुकानापर्यंत गेलो. दुकानात नाही, दुकानापर्यंत. त्यानंतर मिस्त्रीकडे जाणं आलं.

आमचा मिस्त्री तुमच्यासारखाच, कमी बोलणारा आणि जे बोलेल ते शिवी वाटावं असं बोलणारा. त्याने गिअरबॉक्स उतरवला, आत बोट घातलं, बोट बाहेर काढून मला दाखवलं (त्यावर चकचकीत कीस होता) आणि दुसरा बघायला सांगितलं. या जातीच्या व्हॅन आता रस्त्यावर कमी आणि भंगारात जास्त दिसतात, त्यामुळे भंगारवाल्याकडे एक सोडून दोन गिअरबॉक्स मिळाले, आणि तिथूनच घोळ सुरू झाला. तुम्हाला हे नव्याने सांगायला नको, पण मामीलाही कळावं म्हणून लिहितो. कंपनीने त्या काळात या व्हॅनना दोन तऱ्हेचे गिअरबॉक्स दिले. बाहेरून जुळे भाऊ. कवच तेच, बोल्टांची भोकं तीच, वजनही माझ्या कंबरेच्या मते तेच. आतून मात्र एक साधा, ज्यात चौथ्या गिअरला इंजिन एक फेरा फिरलं की चाकांकडे जाणारा शाफ्टही एक फेरा फिरतो. दुसरा लांब पल्ल्याचा, ज्यात चौथ्याला शाफ्ट इंजिनाच्याही पुढे पळतो, सपाट रस्त्यावर डिझेल वाचावं म्हणून. आणि त्यातही गंमत अशी की नवीन कवच ओतायला नको म्हणून कंपनीने हा पळणारा चौथा आतल्या आत तिसऱ्याच्या घरात घातला आणि तिसऱ्याला चौथ्याच्या. चालवणाऱ्याला पत्ता लागू नये म्हणून बाहेरच्या बाजूला एक बोटभर लिव्हर असतो, तो साध्याला खाली तोंड करून लावायचा आणि लांब पल्ल्याच्याला वर तोंड करून. भंगारातल्या गिअरबॉक्सना तो लिव्हरही नव्हता, कोणीतरी काढून नेलेला. म्हणजे दोघांचीही ओळख पटवणारी एकमेव गोष्ट गेलेली.

मला डोंगर चढायचे, त्यामुळे साधा हवा. मिस्त्रीने दोन्ही गिअरबॉक्स फळीवर शेजारी शेजारी ठेवले, काहीतरी फिरवलं, काहीतरी मोजलं (मी तेव्हा त्याच्या शेजाऱ्याच्या चष्म्याची दांडी सरळ करत होतो, म्हणून पाहिलं नाही), एकावर खडूने बरोबरची खूण केली आणि हा साधा, हा बसवू, म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या पाठीत उसण भरली. मुलीकडे आठवडाभर आडवं पडायला तो निघून गेला. जाताना गॅरेजची किल्ली मला दिली, खूण केलेला गिअरबॉक्स शेजारच्या गॅरेजच्या फिटरकडून बसवून घे म्हणाला. सोमवारी मला डोंगरावर बहात्तर चष्मे पोचवायचे होते. काम सोपं होतं. कोणाही माणसाच्या हातून ते नीट झालं असतं.

पण तुम्ही मला लहानपणापासून ओळखता. माझ्यासमोर कुठल्याही वस्तूवर डाग आला की माझा हात आपोआप फडक्याकडे जातो. तीस वर्षं लोकांच्या भिंगांवरचे बोटांचे ठसे पुसून हाताला ते वळणच पडलंय. लग्नात समोरच्या माणसाच्या चष्म्याला मी हात घातला होता हे मामीला आठवत असेल. फिटर यायला अवकाश होता, दोन्ही गिअरबॉक्स ग्रीसने बरबटलेले, मला राहवेना. रॉकेल घेतलं, ब्रश घेतला, शेवटचा हात माझ्या मऊ पिवळ्या फडक्याने फिरवला. तासाभराने दोन्ही गिअरबॉक्स असे लखलखत होते की त्यात तोंड पाहावं. मी मागे सरून कौतुकाने बघत उभा राहिलो, आणि तेव्हा लक्षात आलं की खडूची खूणही लखलखीत पुसली गेली आहे.

जन्मभर मी लोकांना खुर्चीत बसवून एकच प्रश्न विचारत आलोय, हे भिंग बरं की ते बरं, आता सांगा, आता सांगा. समोरचा घाबरा होऊन ‘दोन्ही सारखीच वाटतायत’ म्हणाला की मी मनातल्या मनात हसायचो. त्या दिवशी मी त्या फळीसमोर तासभर उभा होतो, आणि मला दोन्ही सारखीच वाटत होती. मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, ‘खूण बघ की, डोळे कशाला दिलेत.’ मी ‘हो हो, दिसली’ म्हणालो आणि फोन ठेवला. खूण पुसली हे त्याला सांगणं मला जमलं नाही. अभिमान ही फार अडचणीची चीज आहे मामा, वेळेवर तोंड उघडू देत नाही. (मामी, हे वाक्य मुद्दाम त्यांच्यासाठी आहे, दोनदा वाच.)

मग मला तुमची आठवण झाली. एकतीस वर्षं डेपोच्या गिअरबॉक्स खात्यात काढलेला माणूस घरात असताना मी दुसरीकडे का जावं? गिअरबॉक्सच्या पोटावर ओतीव आकडे होते, पण तिथे एक आकडा असता तर प्रश्न नव्हता. साच्याचा, तारखेचा, कारखान्याचा, असे तीन ओळीभर आकडे, त्यातला नेमका कुठला बोलतो ते तुमच्यासारख्यालाच कळणार. फोनवर तुम्ही दोन वाक्यांच्या पुढे जात नाही. म्हणून मी कागद आकड्यांवर दाबून धरला, वरून पेन्सिल आडवी घासली, आणि आकडे कागदावर उमटवले. दोन कागद. एकावर ‘पहिला’ लिहिलं, दुसऱ्यावर ‘दुसरा’. खाली विचारलं, यातला साधा कुठला. तुमच्या जुन्या ओळखीच्या बसड्रायव्हरच्या हाती पाकीट दिलं, आणि संध्याकाळच्या बसने उत्तर हजर. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर एकच ओळ: पहिला साधा आहे, डोळे झाकून बसव. अक्षर मामीचं, हुकूम तुमचा. मला वाटलं, पेपर वाचायला सापडत नसला तरी कामासाठी तुमचा चष्मा बरोबर सापडतो. मी अगदी निर्धास्त झालो. फिटरने पहिला बसवला, आमच्या जुन्या गिअरबॉक्सचा लिव्हर काढून त्याला खाली तोंड करून लावला, आणि सोमवारी आम्ही निघालो.

गावातल्या गावात पहिला आणि दुसरा एवढेच गिअर लागतात, ते व्यवस्थित होते. घाट सुरू झाला. दुसऱ्यात इंजिन ओरडायला लागलं म्हणून मी तिसरा टाकला, आणि व्हॅनने मान टाकली. एखाद्याला झोपेतून उठवून जड पेटी उचलायला सांगावी तशी ती थरथरली आणि जागच्या जागी थांबायच्या बेतात आली. घाईने परत दुसरा. परत ओरड. परत तिसरा, परत मरगळ. मागे विटांचा ट्रक, त्याच्या मागे आणखी कोण कोण, सगळ्यांचे हॉर्न. मागच्या बाजूला फिरती खुर्ची आपल्या खिट्टीतून निसटली आणि प्रत्येक धक्क्याला एक गिरकी घेऊन अक्षरपेटीवर आपटायला लागली, त्याने पेटीचा दिवा लागायचा आणि विझायचा. आमची ही बहात्तर चष्म्यांचा खोका मांडीवर घेऊन शेजारी बसली होती. तिने एवढंच विचारलं की आपण चढतोय की उतरतोय. पुढे थोडी सपाटी आली, मी सुटलो म्हणून चौथा टाकला, तर इंजिनाने असा गळा काढला की शेतातली माणसं उभी राहिली. चढावर तिसऱ्याला बळ नाही आणि सपाटीवर चौथ्याला वेग नाही. दोन तास मला वाटत होतं की गाडी चालवणंच मी विसरलोय. मग आमच्या हीने कंटाळून सुचवलं की तुझा तिसरा जर चौथ्यासारखा वागतोय आणि चौथा तिसऱ्यासारखा, तर त्यांना तसंच का वागवत नाहीस. त्यानंतर आठवडाभर आम्ही तशीच गाडी हाकली. ती शेजारून मोजायची, एक, दोन, चार, तीन, आणि मी टाकायचो. बहात्तरच्या बहात्तर चष्मे पोचले. एका निवृत्त मास्तरांनी परतीच्या वाटेवर आमच्याबरोबर यायचा हट्ट धरला. ती मोजणी ऐकून त्यांनी वाटेत तीनदा तिला सुधारलं, आणि तिसऱ्या वेळी मी चुकून त्यांचं ऐकलं. मास्तर उरलेला रस्ता चालत गेले.

मिस्त्री पाठ शेकून परत आला. त्याने खाली वाकून पाहिलं (वाकताना बरंच काही बोलला), आणि हा तर लांब पल्ल्याचा बसवलाय म्हणाला. मग त्याने मला ओळखायची साधी रीत दाखवली. गिअरबॉक्स खाली असताना वरच्या गिअरमध्ये टाकायचा, दोन्ही टोकांना खडूची रेघ मारायची, पुढचा शाफ्ट हाताने एक फेरा फिरवायचा. मागची रेघ बरोबर जागेवर आली तर साधा, पुढे निघून गेली तर लांब पल्ल्याचा. एवढंच. आणि हेही नको असेल तर पोटावरच्या मधल्या ओळीतला शेवटचा आकडा बघायचा. तीन असला तर साधा, आठ असला तर लांब पल्ल्याचा. त्याने टॉर्च मारला. मधल्या ओळीच्या शेवटी आठ होता. त्याने विचारलं, हा आठ कोणी तीन वाचला?

मी म्हणालो, मी.

चूक माझीच आहे मामा. पेन्सिल मी नीट घासली नसणार, आठाची डावी बाजू कागदावर उमटली नसणार. तुम्ही तर जे समोर होतं तेच वाचलंत. त्यामुळे तुमच्याबद्दल इथे कोणी अवाक्षर काढलेलं नाही. माझ्याबद्दल मात्र बरंच काढलं. चष्मेवाल्याला आठ आणि तीन यातला फरक दिसत नाही ही बातमी चहाच्या टपरीवरून निघाली आणि अंधार पडायच्या आत गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचली. शिंपीकाका महिन्यापूर्वी नेलेला चष्मा घेऊन आले आणि परत तपासा म्हणाले, पण यावेळी तुमच्या बायकोकडून. शाळेच्या बाईंनी मुलांची तपासणी पुढे ढकलली. मिस्त्री भेटला की दोन बोटं वर करतो आणि किती म्हणून विचारतो. मी सगळ्याला मान डोलावतो. धंद्यात असं चालायचंच.

असो. पत्र लांबलं. मामीचा घसा बसला असेल, तिला गरम पाणी द्या. तिला माझा नमस्कार, आणि तुम्हाला दुसऱ्यांदा.

तुमचाच भाचा,
ज्याला तुम्ही ‘काच्या’ म्हणता तो

ता. क. एक: व्हॅन आता ठणठणीत आहे. मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवलाही नाही. बोटभर लिव्हर काढला, तोंड वर करून लावला, तिसरा तिसऱ्याच्या जागी आला आणि चौथा चौथ्याच्या. अर्धा तास लागला. लांब पल्ल्याचा असला तरी घाट चढतो. तेव्हा वरचं सगळं तसं पाहिलं तर लिहायची गरज नव्हती. कृपा करून सल्ला पाठवू नये.

ता. क. दोन: पेन्सिल मी नीट घासली होती. वर खोटं लिहिलं. तो कागद माझ्याकडे परत आला आहे, आणि आमच्या हीने तो टेबलाच्या पलीकडून, बिनचष्म्याने, उलटा धरलेला असताना वाचला. आठ आहे, ठळक, दोन्ही पोटांसकट. एकतीस वर्षांचं तुमचं नाव मी माझ्या गल्लीत माझ्या नावावर घेतलं, त्याच्या बदल्यात एकच मागतो. पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला सकाळी नऊ वाजता डॉक्टरांनी वेळ दिली आहे. मी सात वाजता व्हॅन घेऊन दारात येईन. ‘गिअर हाताला कळतो, डोळ्याला नाही’ हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे, पण समोरून येणारी बस हाताला कळत नाही. तुम्ही मला गाडी शिकवलीत मामा. रस्त्यावर तुमचं काही झालं तर मी स्टिअरिंगला हात लावू शकणार नाही. या वेळी तारीख मोडू नका.

ता. क. तीन: परवा फोनवर मी नुसतं ‘गिअरबॉक्स दुसराच निघाला’ म्हटलं आणि तुम्ही लगेच ‘चूक माझी’ म्हणालात. हे शब्द तुमच्या तोंडून डेपोतल्या कोणी एकतीस वर्षांत ऐकलेले नाहीत, मामीने चाळीस वर्षांत ऐकलेले नाहीत, म्हणून मी विचारात पडलो. आता असं करा. इथवरचं सगळं मी शाळेच्या फळ्यावर लिहितात तसं मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, त्यामुळेच एवढी पानं झाली. याखाली आणखी एक ओळ आहे, ती माझ्या नेहमीच्या अक्षरात, औषधाच्या बाटलीवर असतं तेवढ्या. ती मामीला वाचून दाखवायला सांगा. तिने घडाघडा वाचली तर मी चुकलो. ती थांबली, किंवा ‘इथे काही नाही, नुसती सही आहे’ म्हणाली, तर तिला काही बोलू नका. फक्त बारा तारखेला दोघंही तयार राहा.

मामी, तो आकडा त्यांनी नाही, तू वाचलास, आणि ते तुला पाठीशी घालतायत. मिस्त्रीला मी माझंच नाव सांगितलंय आणि ते तसंच राहील, डॉक्टरांना मात्र दोन नावं दिली आहेत.